महायुद्धाच्या काळातील उपेक्षित साथ

युरोपात महायुद्धाला तोंड लागून सहा महिने होत आले होते, हिंदुस्थानाला न विचारता व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी त्याला युद्धात ओढल्याच्या निषेधार्थ प्रांतोप्रांतीची काँग्रेस मंत्रिमंडळे राजीनामे देऊन मोकळी झाली होती, आणि मध्यप्रांत-वऱ्हाडचा कारभार पंडित रविशंकर शुक्ल यांच्या हातून निघून पुन्हा गव्हर्नराच्या एकट्याच्या सहीने चालू लागला होता, अशा वेळी दिल्लीच्या ऑल इंडिया रेडिओने आपल्या सर्व केंद्रांवर १ मार्च १९४० पासून हार्मोनियम वाजविण्यास मनाई केली. त्या धामधुमीत हा हुकूम अगदीच किरकोळ होता. त्याच महिन्याच्या अखेरीस लाहोरला मुस्लीम लीगने जो ठराव केला त्याने इतिहासाची पाने भरली. पेटीबंदीला इतिहासाने तळटीपेचाही मान दिला नाही. तरीही युद्धकाळातले आपले राजकारण आणि आपली नाट्यपरंपरा यांचे जे एक वर्म आम्हांला दिसते ते या किरकोळ हुकुमातच दिसते, आणि ते भंडारा जिल्ह्यातून पाहिले म्हणजे अधिक स्पष्ट दिसते.

वर्म असे की, रंगभूमीवरच्या गाण्याचा उपयोग सर्वांना हवा होता, गाण्याला आधार देणारा हात मात्र कोणालाच मोजावासा वाटला नाही. हुकूम काढणारे सरकार इंग्रजांचे. परंतु त्याच्या पाठीशी उभे असलेले मत केवळ इंग्रजांचे नव्हते. रेडिओचे पहिले कंट्रोलर लायोनेल फील्डन यांना पेटीचा तिटकारा होता आणि दिल्ली केंद्रावरचे संगीतकार जॉन फोल्ड्स यांनी तिच्याविरुद्ध लेखणी चालविली होती, हे खरे. पण कलासमीक्षक आनंद कुमारस्वामींनी त्याआधी कितीतरी वर्षे तिचा धिक्कार केला होता, जानेवारी १९४० मध्ये खुद्द रवींद्रनाथांनी कलकत्ता केंद्राला पत्र लिहून तिच्या हकालपट्टीची मागणी केली होती, आणि पंडित नेहरूंनी तर आत्मचरित्रात, स्वराज्य सरकारने आरंभीच या वाद्यावर बंदी घालावी अशी आशा बोलून दाखविली होती. मिठाच्या कायद्यापासून युद्धाच्या घोषणेपर्यंत ज्या दोन पक्षांचे कशावरही पटत नव्हते, त्यांचे पेटीवर मात्र पटले.

आक्षेप खोटा होता असे आमचे म्हणणे नाही. पेटीतून मींड निघत नाही, बारा ठरीव स्वरांत बावीस श्रुती बसत नाहीत, आणि गवयाच्या गळ्याला ती बेताल नव्हे पण बेसूर शिस्त लावते, हे जाणत्यांनी फार पूर्वीच ओळखले होते. आपल्याकडे सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी श्रुतींचे गणित मांडले आणि न्यायखात्यातले क्लेमेंट्स साहेब यांच्या साहाय्याने श्रुतींची पेटीच बनवून घेतली, तीही या उणिवेवर उपाय म्हणूनच. पण हा सारा वाद दिवाणखान्यातल्या बैठकीचा होता. नाटकाच्या मांडवात, ध्वनिक्षेपकावाचून, दोन-तीन हजार माणसांच्या कोलाहलात ज्याला रात्रभर गायचे आहे त्याला सूर कोण देणार, हा प्रश्न त्या विद्वानांपैकी एकानेही केला नाही.

भंडारा जिल्हा त्या वेळी आजच्यापेक्षा विस्तृत होता. गोंदिया त्यातच होते आणि १ मे १९९९ पर्यंत राहिले. वैनगंगा आणि चुलबंद यांच्या खोऱ्यातली भाताची शेती, मालगुजारांनी बांधविलेले तलाव, तुमसरच्या बाजूच्या मँगनीजच्या खाणी, विडीचे कारखाने, पवनी-मोहाडीकडचे कोष्ट्यांचे माग, भंडाऱ्याची पितळेची भांडी, आणि गोंदिया, तुमसर रोड, भंडारा रोड अशी स्टेशने घेत कलकत्त्याकडे जाणारी बंगाल-नागपूर रेल्वे, असा हा मुलूख. याच्या पूर्व अंगाला झाडीपट्टी म्हणतात. धान घरात आले, दिवाळी उलगडली, की येथे गावोगाव मंडई भरते. दिवसा दंडार, रात्री खडी गंमत असे लोकखेळ होतात, आणि पुढे थंडीत शंकरपटाचे दिवस आले म्हणजे बैलांच्या शर्यती पाहण्यास आलेल्या पाहुण्यांची रात्र काढण्यासाठी गावकरी नाटक लावतात. सोयऱ्याला जेवू घालावे, उपवर मुलामुलींची बोलणी काढावी, नाटक दाखवावे आणि पहाटे बैलगाडी जुंपून द्यावी, असा तो रिवाज. दंडारीत आणि गमतीत ढोलकी, टुणटुणे, झांज. नाटकात पेटी, पुढे पायपेटी म्हणजे ऑर्गन, आणि तबला.

या वादकांची जागा रंगमंचावर नसते, समोर खाली असते. प्रेक्षकांकडे पाठ, नटांकडे तोंड. म्हणजे सारा गाव त्यांची पाठ तेवढी ओळखतो. त्यांचे काम काय असते ते एकदा जवळून पाहिले पाहिजे. पहिल्या अंकात काळी दोनमध्ये खणखणीत गाणारा नट उत्तररात्री थकलेला असतो. घशात थंडी बसलेली असते. पेटीवाला त्याला विचारीत नाही, विचारण्याची सोयही नसते. पदाच्या आधीचे शेवटचे वाक्य त्याने कोणत्या आवाजात टाकले एवढ्यावरून तो ताडतो, आणि पदाची सुरावट धरतानाच अर्ध्या स्वराने खाली उतरून पांढरी दोनवर येतो. तबलजीला मानेची खूण पुरते. त्याने अर्ध्या स्वराने उतरवून लावलेला दुसरा तबला डाव्या मांडीशी आधीच ठेवलेला असतो, आणि हातोडीचे दोन ठोके गट्ट्यांवर देऊन तो सम गाठतो. नट वाचतो, टाळी नटाला मिळते. कोणी स्वगत विसरला तर त्याच्या मौनाखाली एक सूर धरून ठेवायचा, तो असा की प्रेक्षकांना ते मौन अभिनयाचेच वाटावे आणि प्रॉम्प्टरला पान सापडण्यास अवसर मिळावा. ज्या कारागिरीला आपण नटाचे भान म्हणून वाखाणतो तिचा बराचसा हिस्सा त्या खालच्या जागेवरून आलेला असतो, असे आमचे मत आहे आणि ते बदलण्याचे कारण अद्याप मिळालेले नाही.

ही उपेक्षा केवळ झाडीतली नाही. मोठ्या नाटकमंडळ्यांच्या इतिहासातही तेच झाले. १९११ च्या ‘मानापमान’ला चाली देणारे गोविंदराव टेंबे हे पेटीवादक म्हणून विख्यात, १९१३ साली बालगंधर्व आणि बोडस यांच्याबरोबर गंधर्व नाटक मंडळी काढणारे, त्यांचे नाव टिकले. पण ते टिकण्याचे एक कारण असे की टेंबे लेखणीचेही धनी होते, नटही होते, आणि आपली हकीकत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली. अहमदजान थिरकवा यांचे नाव टिकले ते गंधर्व मंडळी सोडल्यावर त्यांनी मैफलीत जो पराक्रम केला त्यामुळे. १९७० साली त्यांना पद्मभूषण मिळाले ते ‘स्वयंवर’च्या रुक्मिणीच्या पदांना ठेका धरल्याबद्दल खचित नव्हे. आणि कादरबक्ष सारंगिये? त्यांचा उल्लेख येतो तो बालगंधर्वांच्या गाण्याच्या वर्णनात, एखाद्या दागिन्याच्या यादीत यावा तसा. नाट्येतिहास लिहिणारे साहित्यिक होते; त्यांच्यापुढे संहिता होती, नटांचे फोटो होते, पदांची पुस्तके होती. वादकाचे कागद नव्हते. शिवाय सारंगी आणि तबला ही कलावंतिणींच्या माडीवरून आलेली वाद्ये, वाजविणारे बहुधा मुसलमान, आणि लिहिणारे पांढरपेशे. हेही कारण झाकून ठेवण्याजोगे नाही. कादरबक्षांनी ‘स्वयंवर’मधल्या रुक्मिणीमागे सूर भरला तेव्हा कृष्णभक्तीत काही उणे पडले नव्हते. हिंदू-मुसलमानांच्या ऐक्यावर आणि अनैक्यावर १९४० साली जे फड माजले, त्यांत या पन्नास-साठ वर्षांच्या सहवासाचा पुरावा कोणत्याही पक्षाने पुढे केल्याचे आमच्या वाचनात नाही.

युद्धाने या माणसांवर काय ओढवले ते पाहू. फिरत्या मंडळ्या बोलपटाने आधीच खिळखिळ्या केल्या होत्या. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’पासून तर टेंब्यांसारखे लोकही स्टुडिओत गेले. उरल्यासुरल्या मंडळ्यांचा पडदे-सामान घेऊन होणारा प्रवास लष्करी वाहतुकीने अडविला. खेड्यातल्या हौशी नाटकाला रेल्वेची पर्वा नव्हती. त्याच्या अडचणी निराळ्या होत्या. पेटीचे उत्तम सूर त्या काळी जर्मनीचे किंवा पॅरिसचे. जर्मनी तर शत्रूच झाला, आणि १४ जून १९४० रोजी पॅरिसही जर्मनांच्या हाती पडले. म्हणजे नऊ महिन्यांत दोन्ही दुकाने बंद. मग जुन्या पेट्यांवरच भागवायचे. सुराची ती चिमुकली पितळी पत्ती टोकाकडे घासली की सूर चढतो, मुळाकडे घासली की उतरतो. घासता घासता ती कागदासारखी होते आणि एके रात्री ऐन पदात मुकी पडते. अशा पेटीवर वाजविणाऱ्याने मुका सूर टाळून चाल वळवायची आणि नटाला कळू द्यायचे नाही. श्रुतिशास्त्रावर दिल्लीत वाद घालणाऱ्यांना हा प्रसंग माहीत असता तर त्यांनी निदान थोडे हलक्या आवाजात वाद घातला असता.

मार्च १९४२ मध्ये रंगून पडले आणि ब्रह्मदेशाचे रॉकेल आणि तांदूळ दोन्ही बंद झाले. रॉकेलाची टंचाई म्हणजे गॅसबत्ती नाही, आणि गॅसबत्ती नाही म्हणजे रात्रीचे नाटक नाही. त्यातली नावाजलेली पेट्रोमॅक्स बत्तीही बर्लिनच्या कारखान्याचीच, हा दैवाचा एक विनोद. तांदुळाचे भाव चढले, धान्यावर सरकारी नियंत्रण आले. ज्या जिल्ह्याचे सारे सणवार धानाच्या खळ्यावर अवलंबून, तेथे वर्गणी कशी गोळा झाली असेल हे वाचकांनीच कल्पावे. वर्गणी आटली की पहिली कात्री कोणावर बसते, हे नाटक बसविलेल्या कोणासही सांगावे लागत नाही.

त्यात ऑगस्ट १९४२ चे ‘छोडो भारत’ आंदोलन आले. तुमसरला जमावावर गोळीबार होऊन माणसे ठार झाली. शेजारच्या चांदा जिल्ह्यात चिमूरला १६ ऑगस्ट रोजी जो उठाव झाला आणि त्यापाठोपाठ जे अत्याचार झाले ते सर्वश्रुत आहेत. त्या सुमारास तेथे तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांनी लोकांची मने पेटलेली होती, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सरकारने महाराजांना पकडून आधी नागपूरच्या व मग रायपूरच्या तुरुंगात ठेवले. येथे थोडे थांबून एक विचार मांडावासा वाटतो. ज्या सरकारने दिल्लीत पेटी बंद केली त्याच सरकारने विदर्भात खंजिरी गजाआड केली. पहिल्या कृत्यामागे अरसिकता होती, दुसऱ्यामागे भय होते. पण वाद्याचे सामर्थ्य ओळखण्यात पोलीसखाते आमच्या साहित्यसंमेलनांच्या पुढे होते हे कबूल केले पाहिजे.

चिमूरच्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून गांधीजींचे अनुयायी प्राध्यापक भन्साळी दिल्लीला लोकनायक अणे यांच्या दारी गेले आणि पुढे त्यांनी त्रेसष्ट दिवसांचे उपोषण केले. अणे हे १९४१ पासून व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. त्यांनी राजीनामा दिला तो फेब्रुवारी १९४३ मध्ये, गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी. आमच्या मते तो सहा महिने उशिरा आला. तथापि तो दिला, हेही विसरू नये. कारण त्याच वर्षी त्याच मंडळात जाऊन बसले ते मध्यप्रांताचे माजी मुख्यमंत्री डॉ. ना. भा. खरे.

या साऱ्या राजकारणाला गाणे हवे होते, ते सर्व बाजूंनी. सरकारने १९४२ मध्ये नॅशनल वॉर फ्रंट उभारली आणि गीतांच्या द्वारे युद्धप्रचार करण्यासाठी एक स्वतंत्र खातेच काढून ते कवी हफीज जालंधरी यांच्या हाती दिले. कम्युनिस्ट पक्षावरची बंदी जुलै १९४२ मध्ये उठली. रशियावर हल्ला झाल्यानंतर त्यांच्या लेखी हे लोकयुद्ध ठरले होते, आणि अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक काढून पोवाड्याला नवा कस आणला. त्यांच्या कवनांना आमचा मुजरा आहे. पण डफ-टुणटुण्यावर साथ करणारे गडी कोण होते, हे त्या श्रमिकांच्या पक्षानेही जपून ठेवले नाही. ज्यांचे सारे तत्त्वज्ञान हाताने काम करणाऱ्याच्या बाजूचे, त्यांच्याकडूनच हे व्हावे याचे नवल वाटते.

तिसरी बाजू सावरकरांची. हिंदूंनी सैन्यात शिरावे असा उपदेश ते युद्धकाळात गावोगाव करीत होते, आणि नोव्हेंबर १९४३ मध्ये सांगलीस मराठी रंगभूमीचा शतसांवत्सरिक उत्सव भरला त्याचे अध्यक्षपद त्यांच्याकडेच होते. अध्यक्षाची निवड राजकीय होती असे म्हणणारे तेव्हाही होते. आम्हांस ते पटत नाही, कारण ‘संन्यस्त खड्ग’चा कर्ता त्या आसनास अपात्र खास नव्हता. पण त्या नाटकाचेच उदाहरण घ्या. लेखक म्हणून सावरकर आठवतात, गायक म्हणून मास्टर दीनानाथ आठवतात, जाणत्यांना चाली देणारे वझेबुवाही आठवतात. अमरावतीच्या वीर वामनराव जोशांच्या ‘रणदुंदुभी’चेही तसेच. त्या पदांनी तरुणांच्या अंगावर काटा उभा केला तो ज्या पेटी-तबल्याच्या बळावर, ती वाजविणारे कोण, असे शंभर जणांस विचारले तर उत्तर येणार नाही. शंभर वर्षांचा उत्सव ‘सीतास्वयंवर’पासून मोजला गेला, विष्णुदास भावे यांच्या त्या खेळात सूत्रधाराच्या मागे उभे राहून झांज-मृदंग वाजविणाऱ्यांपासूनही तो मोजता आला असता.

स्वराज्य आले आणि नेहरूंची ती जुनी आशा निराळ्या रीतीने फळली: बंदी घालावी लागली नाही, ती होतीच, फक्त उठविली गेली नाही. नागपूरचे आकाशवाणी केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले तेव्हा झाडीपट्टीतल्या पेटीवाल्यास पहिल्यानेच रेडिओ हाकेच्या अंतरावर आला, आणि पहिल्यानेच त्याला कळले असावे की आपले वाद्य तेथे वर्ज्य आहे. नाट्यपदे रेडिओवरून लागत. पण ज्या वाद्याच्या आधाराने ती जन्मली ते फाटकाबाहेर. १९५२ पासून दहा वर्षे नभोवाणी खाते सांभाळणारे मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे तर मराठी गृहस्थ, संगीताचे अभ्यासू, आणि पेटीचे कट्टर वैरी. शास्त्रीय संगीतास त्यांनी जी प्रतिष्ठा दिली तिचे ऋण मान्य करूनही म्हणावे लागते की संगीत नाटकाच्या मुलुखातून दिल्लीस गेलेल्या माणसाला मांडवातली पेटी आठवावयास हवी होती. बंदी सैल झाली ती १९७१ साली, आणि तीही प्रथम साथीपुरतीच. एकतीस वर्षे! युद्ध सहा वर्षांत संपले होते.

झाडीपट्टीत मात्र या एकतीस वर्षांत त्या हुकुमापायी पेटी एक दिवसही थांबली नाही. येथल्या रंगभूमीला सरकारी मान्यता नव्हती म्हणून सरकारी बंदीही लागली नाही. पुणे-मुंबईची संगीत नाटके मावळली, उगवली, पुन्हा मावळली. येथे शंकरपटाच्या रात्री ऑर्गन-तबला लागतच राहिला, आणि आज वडसा-देसाईगंजच्या मंडळ्या हंगामभर गावोगाव प्रयोग करतात त्यांतही वादक प्रत्यक्ष बसतात. नटांचे सत्कार होतात, झाडीपट्टीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली याचा आम्हांस मनापासून आनंद आहे. ऑर्गनवाल्याची पाळी यायची आहे.

तोवर एक काम भंडारा, साकोली, लाखांदूर, पवनी, तुमसर आणि गोंदियाकडच्या वाचकांच्या हाती आहे. गावोगावच्या नाट्यमंडळांनी वर्गणीचा जमाखर्च वहीत लिहून ठेवण्याचा प्रघात होता. त्या वह्या कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या ट्रंकेत असतील, आणि त्यांत पडदे, रॉकेल, दाढी-मिशा यांच्या खर्चाखाली पेटीवाल्याची आणि तबलजीची बिदागी नावानिशी मांडलेली सापडण्याचा संभव आहे. १९३९ ते १९४५ या सालांतली अशी एखादी वही ज्यांच्या घरी असेल त्यांनी ती रद्दीत घालू नये. तीत असलेली वादकांची नावे, त्यांचे गाव आणि मिळालेले रुपये-आणे उतरवून काढावेत आणि जवळच्या सार्वजनिक वाचनालयात एक प्रत द्यावी.